पिवळी रेघ

माझे भावोजी शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करतात. शेजारचं टायरचं दुकान माझं, त्यामुळे त्यांचा आवाज मला भिंतीपलीकडूनही ऐकावा लागतो. लोक त्यांना 'पाइप' म्हणतात. पाना हलेना, की त्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवायचा आणि अंगाचं सगळं वजन टाकायचं, ही त्यांची एकमेव विद्या.

त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्या हाताखालीच तयार झाला, पण स्वभावाने दुसरं टोक. तो ठरलेला जोर लागला की 'टक्' वाजणारा पाना वापरायचा. वर्षापूर्वी भावोजींनी त्याला गिऱ्हाइकांसमोर हाकललं. "त्याच्या हाताला अक्कल नाही," हे नंतर इतक्यांदा म्हणाले, की माझ्या बहिणीला आणि मलाही ते खरं वाटू लागलं. तो घरी जेवायला येईनासा झाला.

परवा एक लाल गाडी मागचा अॅक्सल खोलून नव्याने बांधायला आली. शर्यत तोंडावर. चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, धरणारे बोल्ट काही केल्या सुटेनात. भावोजींनी पाइप लावला. पाना सटकला, बोल्टाच्या कडा घासून गोल झाल्या आणि भावोजी पाठीवर आडवे. मला हसू आलं, ते मी खोकून लपवलं.

"कुठल्या गाढवाने आवळलेत हे?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "दुसरं कोण? आमचे बंधुराज! गेल्या वेळी, तो इथे होता तेव्हा, ही गाडी त्याच्याकडेच होती."

गाडी चालवणारी मुलगी बाजूला उभी होती. भावोजींनी तिच्यासमोरच फोन लावला. "तू करून ठेवलेलं निस्तरायला ये!"

तो आला. "दादा, जरा सरक," एवढंच म्हणाला आणि तारेच्या ब्रशने बोल्टावरचा चिखल खरवडू लागला. खालून रंगाची रेघ निघाली. बोल्ट पक्का झाला की आवळणारा त्याच्या डोक्यावरून हबपर्यंत अशी रेघ ओढतो. ती तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे कळतं. धाकट्याची रेघ कायम पांढरी असते, भावोजींची पिवळी. ही पिवळी होती.

धाकट्याने वर न बघता थिनरचा बोळा घेतला आणि ती पुसून टाकली. पण मी पाहिली होती, आणि भावोजींनीही. वर्षभर मी त्यांच्या होला हो करत आलो होतो, माझीच मान खाली गेली.

बेअरिंग बदलायचंच होतं, ते तापून बिघडलं तरी चालणार होतं, म्हणून त्याने बोल्टाभोवती गॅसची ज्योत फिरवली, तापलेल्या फटीला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून तेलासारखं आत शिरलं. कडा गेलेल्या बोल्टावर मापाहून लहान गोटी पाना, टोपीसारखा, ठोकून बसवला. सोडवण्याआधी उलट केसभर आवळला. कर्र वाजलं आणि बोल्ट मुकाट सुटला. बाकीचेही तसेच निघाले.

"निघाले दादा," तो हात पुसत म्हणाला. "पुढच्या वेळी जपून आवळेन."

भावोजी "हं" म्हणाले. नुसतं हं! चहालाही न थांबता तो गेला.

भावोजींनी त्यातला एक बोल्ट उचलून हातात घेतला. मग ते त्या मुलीला म्हणाले, "हे त्याने नव्हते आवळले. मीच आवळले होते."

"माहीत आहे, काका," ती म्हणाली. "मी त्या दिवशी इथेच होते. तुम्ही त्यांच्या हातातला पाना हिसकावलात, पाइप लावलात, आणि आवळताना त्यांनाच शिव्या देत होतात. मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल."

भावोजींचं तोंड एवढंसं झालं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालंय, हे मला दिसत होतं. म्हणजे भावालाही सगळं माहीत होतं, आणि तरी तो एका फोनवर आला होता. भावोजींनी भावाला फोन लावला.

"बोल दादा," तिकडून आवाज आला. "आणखी एखादा अडकला का?"

भावोजींनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"दादा? पाइप लावू नकोस हं. मी येतो परत."