वेल्सचं ऊन आणि अजयचं घड्याळ

कुसुमचा फोन आला तेव्हा मी मँचेस्टरला, धाकट्या लेकाच्या घरी, वांगी चिरत होते. कुसुम माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून वेल्समधल्या खेड्यात एकटी राहते. म्हणाली, "ताई, अजय शनिवारी घर विकणाऱ्या एजंटला घेऊन येतोय." अजय तिचा मुलगा, लंडनला बँकेत मोठा साहेब. तिनं त्याला न विचारता छपरावर पाणी तापवायचं सोलर बसवलं, आणि पाणी तापवणाऱ्या जुन्या बॉयलरचं तेल मात्र पहिल्याइतकंच जळतंय. म्हणून साहेबांचा निकाल असा, की आईला दारावर आलेला कुणीही फसवतो, तेव्हा घर विकून तिला लंडनच्या खोलीत आणून ठेवायचं. वांगी तशीच टाकली आणि बॅग भरली.

जाणाऱ्यांनी नीट वाचा. मँचेस्टरहून श्रूजबरी, तिथं गाडी बदलायची. साठी ओलांडली असेल तर रेलकार्ड काढा, तिकिटाचा तिसरा हिस्सा वाचतो. पुढची गाडी अर्ध्या वाटेत तुटते, काही डबे एकीकडे जातात, काही दुसरीकडे. गार्डला विचारूनच बसा, नाहीतर भलत्याच किनाऱ्याला लागाल. स्टेशनवरचं सँडविच म्हणजे ओल्या फडक्याची घडी. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. समोरच्या बाईनं नाक मुरडलं, तेव्हा मी आणखी एक दशमी काढली.

डोंगर हिरवेगार, मेंढ्या माणसांपेक्षा जास्त. मागे आले होते तेव्हा या वाटेवर छपरांवर शेवाळाशिवाय काही नव्हतं. आता शाळेवर काळ्या काचा, गोठ्यावर काळ्या काचा, एका चर्चच्या मागच्या बाजूलासुद्धा. बघून बरं वाटायला हवं होतं. मला रागच येत होता. एवढे सगळे लोक मूर्ख, आणि लंडनचा अजय तेवढा शहाणा!

न्यायला कुसुमचा शेजारी ग्विन आला. म्हातारा, जन्मभर प्लंबिंग केलेला. म्हणाला, "आमच्या गल्लीत सात घरांवर सोलर झालं. सरकारी अनुदानाचा फॉर्म कंपनीवालेच भरून देतात, दोन दिवसांत बसवतात आणि पसार. कसं वापरायचं, हे कोण सांगणार? त्यांना पुढचं छप्पर गाठायचं असतं."

"तुम्ही का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तिच्या त्या साहेब लेकानं मला आत येऊ दिलं तर ना."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला, माझ्या सवयीनं, उठले. बाहेर अंधार, आणि स्वयंपाकघरात बॉयलर घरघरतोय. घरात कुणी नळ सोडलेला नाही. सूर्य उगवायच्या आत हे काय पेटलंय?

सकाळी लख्ख ऊन पडलं. दुपारी मी टाकीचं कपाट उघडलं. टाकीला हात लावला तर चटका. सोलरचा पंपच बंद, त्याचा पाइप जेमतेम कोमट. थोरल्या लेकाच्या गच्चीवरचं सोलर मी सांगलीला, इकडे यायच्या आधी, दहा वर्षं सांभाळलंय. दिवसा उन्हानं तापवायचं, रात्रभर टाकीनं धरायचं, सकाळी आपण वापरायचं. इथं पहाटेच बॉयलर टाकी तापवून ठेवतो, मग ऊन येऊन करणार काय? पोट भरलेल्या माणसाला पंगतीला बसवल्यासारखं.

बॉयलर ठरल्या वेळी आपोआप पेटवणाऱ्या घड्याळावर पिवळी चिठ्ठी होती. आई, डोन्ट टच.

"हे कुणी लावलं?"

कुसुम पदराशी चाळा करत म्हणाली, "दिवाळीला अजय आला होता ना. अभ्यंगस्नानाला पहाटे पाणी हवं म्हणून चारचं लावलं. मग राहिलं तसंच."

"मे महिना आलाय, कुसुम! सहा महिने तू रोज नरकासुर मारतेयस?"

"मला वाटलं, त्याला कळतं."

अशी चीड आली की तिच्या हातातला कप काढून घ्यावासा वाटला. चाळीस वर्षं ह्या देशात राहिली, बर्फात गाडी चालवली, हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळला, आणि मुलानं लावलेल्या बटणाला भ्यायची! ग्विनला बोलावलं. त्यानं घड्याळ बंद केलं, सोलरचा पंप तपासला. "पंप चांगला आहे," म्हणाला. "टाकी आधीच तापलेली असली की तो सुरूच होत नाही. हिवाळ्यात बॉयलर लागेलच, पण संध्याकाळी, ऊन संपल्यावर लावा."

शनिवारी अजय आला, मागे टाय लावलेला एजंट. मी म्हटलं, "आधी आंघोळ कर. पाहुण्यांना चहा देते तोवर."

"मावशी, आय हॅड अ शॉवर."

"परत कर."

आला केस पुसत. "मावशी, सोलर वेल्समध्ये चालत नाही. इथं सन कुठे असतो?"

"पाणी कसं होतं?"

"गरम. बॉयलर आहे ना."

"बॉयलर दोन दिवस बंद आहे. घड्याळ बघ. आणि ती चिठ्ठी कुणाच्या अक्षरात आहे, तेही मोठ्यानं वाच."

वाचली नाही. कान लाल झाले. "द इन्स्टॉलर शुड हॅव टोल्ड हर," म्हणाला. चुकलं असं नाही म्हणाला, आणि म्हणणारही नाही. पण कुसुम उठली. एजंटच्या हातातला कप घेतला आणि इंग्रजीत सांगितलं, "घर माझं आहे, मी विकत नाहीये. तुमचा चहा संपला असेल तर दार तिकडे आहे." मग अजयला मराठीत, "तू जेवून जा."

परतीच्या गाडीत दशम्या नव्हत्या, ग्विनच्या बायकोनं तव्यावर भाजलेले मनुक्यांचे वेल्श केक होते. तूप कमी, पण चांगले.

मँचेस्टरला घरी आले, कोट काढला आणि हात धुवायला गेले. आमच्या बॉयलरच्या कपाटावर सुनेची चिठ्ठी आहे, आई, प्लीज हात लावू नका. आठ वर्षं रोज तिच्यासमोरून जातेय.

नखानं कोपरा उचकटला. कागद निघाला, डिंक राहिला. तो आता गरम पाण्यानं घासतेय.