रुसलेल्यांचं फोल्डर

बजाजनगरात लग्नाचे अल्बम बनवणाऱ्या एका गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. माउसशी त्यांचं वैर. काळ्या पडद्यावर खटाखट कमांड टाईप करायची, की अख्ख्या लग्नाचे फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये. "माउस म्हंजी मुक्यावानी बोट दाखवणं," ते म्हणतात. "आपुन नाव घिऊन बोलवावं."

परवा मी लेकीच्या अल्बमसाठी बसले होते. तेवढ्यात एक वरपिता तणतणत आले. "आमच्या धाकट्या भावाचे सगळे फोटो उडवा! मांडवातून जेवल्याबिगर उठून गेला!"

"व्हय," म्हणत मामांनी चक्क माउस धरला. धाकट्याचा एकेक फोटो शोधून, ओढून ‘रुसलेले’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. अल्बममधून भाऊ गेलेला पाहून वरपिता खुशीत गेले.

"एका कमांडीत उडाले असते की!" मी म्हणाले.

"कमांडीनं उडवलेलं परत येत नाय, ताई. बारसं निघालं की ह्यांला धाकटाच आधी लागंल."

मी हसत पडद्याकडे पाहिलं. फोल्डरमध्ये जुन्या लग्नांतलीही मंडळी होती. वरच्याच रांगेत, दिराच्या मुलाच्या मांडवात, नवी पैठणी नेसून मी उभी होते.

मामांनी घाईघाईनं पडदा काळा केला.