पडद्याआडून प्रश्न

"आडनाव काय म्हनलं वं तुहं?"

मी म्हातारीच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला होता आणि फुगा दाबत होते. नाव आधीच सांगितलं होतं. पण नावाने भागत नाही. नाव कोणाचंही असू शकतं. मी आडनाव सांगितलं.

दुसऱ्या हाताने तिने पट्टा ओढला. चर्रकन सुटला. मग पदराने तिने दंड पुसला. कोपरापासून वर, जिथे माझी बोटं लागली होती तिथपर्यंत. घाई नव्हती तिला. जेवण झाल्यावर ताटाखालची जागा पुसावी, तशी पुसत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "दुसरी कोनी असन तं पाठव."

मला राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला थकवा आला. सकाळपासून उभी होते. पोहरादेवीची यात्रा भरली होती, आमच्या रुग्णालयातला निम्मा स्टाफ तिकडच्या ड्युटीवर पाठवला होता. बायकांच्या वॉर्डात मी आणि एक नवी सिस्टर, एवढ्याच. चैत्राचं ऊन. कूलरमध्ये पाणी नाही. त्यात हे. हे नवीन नव्हतं, म्हणून जास्त थकवा.

वीस-बावीस वर्षं वाशिम जिल्ह्यात नोकरी करते आहे. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली, वडील शाळेत शिपाई झाले, मी नर्स झाले. आमच्या घरात या प्रवासाचं कौतुक आहे. वॉर्डात नाही. वॉर्डात कधी कोणी म्हणतं, सलाईन त्या सिस्टरले लावू द्या. कोणी म्हणतं, पानी मी घरून आनलं. कोणी काहीच म्हणत नाही, फक्त हात आखडून घेतं. प्रत्येक वेळी मला एकच शब्द ऐकवला जातो. अ‍ॅडजस्ट.

या वेळी तो म्हातारीच्या मुलाने ऐकवला. माजी सभापती. पांढरा शर्ट, दोन मोबाईल. माणूस गोड बोलणारा.

"ताई, वाईट नका वाटून घेऊ. जुनं मानूस हाय. जरा अ‍ॅडजस्ट करा."

मग तो डॉक्टरांकडे गेला. आमचे डॉक्टर तरुण, नुकतेच लागलेले. म्हातारी घरी चक्कर येऊन पडली होती. अंगात ताप, कंबर धरलेली, लघवीला त्रास. असं आधीही तीनचारदा होऊन गेलेलं. दर वेळी गोळ्या, दर वेळी पुन्हा तेच. डॉक्टरांना तिची सगळी माहिती नीट विचारून हवी होती. कधीपासून, काय केल्याने वाढतं, आधीचे आजार, बाळंतपणं. आणि ते विचारायला नवी सिस्टर एकटी पुरणार नव्हती. पोरगी साताऱ्याकडची. हुशार, हाताला हलकी, पण आमच्याकडची बोली तिच्या कानात अजून बसली नव्हती.

डॉक्टरांनी उपाय काढला. "सिस्टर, असं करू. ही आत बसेल. तुम्ही स्क्रीनच्या बाहेर उभ्या राहा. काय विचारायचं ते हिला हळूच सांगत जा. म्हणजे आजींनाही त्रास नाही, आपलंही काम होईल."

त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी सगळ्यांची सोय केली.

मी गेले. उभी राहिले. हे मुद्दाम सांगते, कारण अशा वेळी माणूस ताडकन उत्तर देतो असं लोकांना वाटतं. नाही देत. ड्युटी संपायची असते, पेशंट आजारी असतो, पाय दुखत असतात.

चाकांचा हिरवा पडदा. आत खाट, खाटेवर म्हातारी, स्टुलावर नवी सिस्टर, पायथ्याशी मुलगा. बाहेर मी. पडद्याने मला फक्त एका बाईपासून लपवलं होतं. बाकीच्या सगळ्या वॉर्डाला मी दिसत होते.

"आजी, मूत्रविसर्जनाच्या वेळी जळजळ होते का?" नव्या सिस्टरने पुस्तकी भाषेत विचारलं.

"काय म्हन्ते वं हे?"

मी पडद्याला तोंड लावून सांगितलं, "लघवीले आग होते का, म्हन."

"लघवीले आग होते का?" ती म्हणाली. साताऱ्याच्या हेलात आमचा 'ले'. शेजारच्या खाटेवरच्या बायका फिसकन हसल्या.

"होते ना माय. मिरची लावल्यावानी."

मी पुढचा प्रश्न दिला. तिने विचारला. म्हातारीने उत्तर दिलं. मी दिला, तिने विचारला, म्हातारीने दिलं. चाललं. छान चाललं, हेच वाईट होतं. पाणी फडक्यातून गाळून घेतात ना, तसा माझा प्रश्न त्या पडद्यातून गाळून घेतला जात होता. प्रश्न चालत होता. विचारणारं तोंड चालत नव्हतं.

बाजूच्या खाटेवर मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक बाई होती. सुनेच्या बाळंतपणाला आलेली. हातात नातू, तोंडात तंबाखू. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. तिला खरंच काही कळलं नसावं.

"काहून वं बाई," तिने मोठ्याने विचारलं, "चोरावानी काहून उभी हायेस? तुले आत घेत नाही का?"

टोमणा नव्हता. म्हणून लागला. टोमण्याची सवय असते, साध्या प्रश्नाची नसते. पेशंटशी कसं बोलायचं हे मला शिकवलेलं आहे आणि मी ते पोरींना शिकवते. आधी आपली ओळख द्यायची. बसून विचारायचं, डोक्यावर उभं राहून नाही. डोळ्याला डोळा द्यायचा. आणि मी काय करत होते? माझ्याच वॉर्डात, माझ्या गणवेशात, पडद्याला तोंड लावून कुजबुजत होते. चोरावानी. तिने अगदी बरोबर शब्द वापरला.

तेवढ्यात आत म्हातारी काहीतरी बोलली. आवाज एकदम खाली नेऊन.

"बाई, माह्यं आंग येते."

"अंग कसं येतं आजी? दुखतं का? कसकस वाटते?"

"दुखते बी. पन येते. उठली का येते."

नवी सिस्टर लिहिता लिहिता स्वतःशीच बोलली, "अंगदुखी, तापाची कणकण."

मी पडद्याबाहेर डोळे मिटले. 'आंग येते' म्हणजे अंगदुखी नव्हे. आमच्याकडची कुठलीही बाई हे ऐकून गप्प होईल. आंग येणं म्हणजे गर्भपिशवी खाली उतरून बाहेर येणं. बायका हे वर्षानुवर्षं लुगड्याखाली सांभाळतात, सुनेलाही सांगत नाहीत. म्हणूनच तिची लघवी पुन्हा पुन्हा बिघडत असणार, म्हणूनच ती एका बाजूवर बसत होती. एवढं मोठं घर, दारात दोन गाड्या, आणि हे दुखणं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आज कसंबसं सांगितलं, तेही पायथ्याशी मुलगा उभा असताना, आणि ते कणकण म्हणून कागदावर चढलं.

आता दोन गोष्टी होत्या. पुन्हा तोंड लावून कुजबुजायचं, "आंग म्हंजे पिशवी, ते विचार." म्हातारीचं काम झालं असतं. माझी ड्युटीही संपली असती. किंवा गप्प राहायचं. ते मला येत नाही. आजारी माणसावर सूड उगवायला मी नर्स झालेले नाही.

मी पडदा सरकवला आणि आत गेले.

मुलाला म्हटलं, "तुमी भायेर थांबा."

"काहून? माय हाय माही."

"म्हनूनच थांबा."

तो गेला. मी नव्या सिस्टरला उठवलं आणि स्टुलावर मी बसले. म्हातारीने तोंड फिरवलं.

"आजी," मी म्हटलं, "मी तेच हाय. आडनाव बी तेच हाय. तुमचं आंग कवापासून येते, हे मी इथं बसून विचारीन. आता पडद्याच्या मांगून नाही. सांगाचं नसन तं नका सांगू. मी बसली हाय."

आणि गप्प बसले. विचारून झालं की गप्प बसायचं, हेही या कामातलंच. फार जड जातं ते. नव्या सिस्टरने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही.

म्हातारी बोलली. पण माझ्याशी नाही. भिंतीशी. "याच्या टायमाले," ती भिंतीला म्हणाली. म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या या धाकट्याच्या बाळंतपणापासून. तेव्हा लगेच कामाला लागली. आधी थोडं थोडं यायचं, मग खोकलं तरी यायला लागलं. हाताने आत ढकलायची. घट्ट कापड बांधायची. पोराच्या लग्नातही तशीच नाचली म्हणाली, आणि त्या आठवणीने तिला जरा हसूही आलं. भिंतीकडे बघूनच हसली.

मी सगळं विचारलं. तिने सगळं भिंतीला सांगितलं. तपासावं लागेल म्हटल्यावर तिने नव्या सिस्टरकडे बोट केलं. मी म्हटलं, तिने अजून हे पाहिलेलं नाही, आज ती माझ्याशेजारी उभी राहून शिकेल. म्हातारीने लुगड्याची गाठ सैल केली. मग म्हणाली, "कर मंग काय करतं ते." मी तपासलं, डॉक्टरांना सांगितलं. मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं.

मी स्टुलावरून उठले तेव्हा तिने बाहेर बसलेल्या आपल्या सुनेला हाक मारली. दुसरं लुगडं मागितलं, दुसरी चादर मागितली. माझ्या समोर.

हे लिहिते कारण अशा गोष्टींत शेवटी म्हातारी डोक्यावर हात ठेवते आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं. तिने ठेवला नाही. मला तो नकोही होता.

संध्याकाळी नवी सिस्टर चहा घेऊन आली. "ताई, माझं काही चुकलं का?"

"हो," मी म्हटलं. "ते आंग तुला कळलं नाही, ते चालतं. कळेल. पण मला बाहेर ठेवून आत बसायला तू नाही म्हणायला हवं होतंस."

ती रडायला लागली. मी चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी मला वैद्यकीय अधीक्षकांनी बोलावलं. सभापती तिथे आधीच बसलेले. तक्रार आडनावाची नव्हतीच. ती कधीच नसते. सिस्टर उद्धटपणे बोलल्या, नातेवाइकाला बाहेर काढलं, वयस्कर पेशंटला ताण दिला, अशी होती. तरुण डॉक्टर खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते.

साहेब चांगले माणूस आहेत. म्हणाले, "सिस्टर, दोन ओळी माफीच्या लिहून टाका. विषय मिटवू. आणि काही दिवस तुम्हाला लसीकरणाला देतो. वॉर्डात उगाच कशाला."

म्हणजे पुन्हा बाहेर. या वेळी पडदाही नाही, सरळ दुसरी खोली. मला दिसलं की हे संपत नसतं. आपण एकदा बाहेर उभं राहिलो की ते प्रत्येक वेळी थोडं आणखी मागे उभं करतात, आणि प्रत्येक वेळी आवाज मऊ असतो.

"माफी लिहिणार नाही, सर," मी म्हटलं. "वॉर्डही सोडणार नाही. बदली करायची तर लेखी करा, कारण घालून. आणि इथून पुढे ज्या पेशंटला माझा हात नको असेल, त्याने ते मला तोंडावर सांगायचं, का नको तेही सांगायचं. मी ते केसपेपरवर लिहीन."

"असं कसं लिहिता येईल?"

"येतं सर. पेशंटचं म्हणणं पेशंटच्याच शब्दांत लिहायचं असतं. पहिल्या वर्षाला शिकवतात."

तसं लिहिलेल्या कागदाचं पुढे पोलीस ठाण्यात काय काय होऊ शकतं, हे माजी सभापतीला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याने एक मोबाईल खिशात घातला, मग दुसरा.

"एवढं कायले वाढोता ताई," तो म्हणाला. "आपन एकाच तालुक्यातले."

तो उठून गेला. माफी मी लिहिली नाही. साहेबांनी पुन्हा मागितली नाही, आणि मला खुर्चीही दिली नाही. तरुण डॉक्टर नंतर जिन्यात भेटले. सिस्टर, मला तसं म्हणायचं नव्हतं, म्हणाले. मी त्यांना सांगितलं, तुम्ही म्हणालात तेच मी केलं होतं, आता करणार नाही.

बदलीची ऑर्डर अजून आलेली नाही. येईल असं सगळे म्हणतात. येऊ दे. कारंज्याला पाठवा, कुठेही पाठवा, तिथेही वॉर्ड असेल आणि वॉर्डात आजारी माणसं असतील. मी खाटेजवळ स्टूल ओढीन. नाव सांगीन, आडनावासकट, कोणी विचारायच्या आधी. मग विचारीन, काय होतंय. सांगितलं तर ते लिहीन. हात झटकला तर तेही लिहीन, वेळ घालून, आणि खाली सही करीन.