बोरन्हाणातला भडका

२०२५ साल लागलं तेव्हा मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि नेदरलँड्सात, ग्रोनिंगन गावी, मुलाच्या घरात माझ्या खोकल्यावरून रोज भांडण होत होतं. मी आणि आमची ही, आम्ही तीन महिन्यांच्या व्हिसावर नातीला बघायला आलो होतो. विमानातून उतरलो तसा खोकला लागला. इथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी पॅरासिटामॉल दिली, मग पुन्हा पॅरासिटामॉल दिली आणि तिसऱ्या खेपेला छातीचा एक्स-रे काढून या म्हणाल्या. मी नाही म्हणालो. मी एकदा नाही म्हटलं की नाहीच, हे आमच्या अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना नव्हतं.

"काढून घ्या की हो," ही म्हणायची. "घाबरताय कशाला?"

"घाबरतंय कोण? धडधाकट माणसाच्या छातीतून किरण सोडायचे कशासाठी?"

"धडधाकट माणूस असा भुंकत नाही."

मी चौथी शिकलेला माणूस. पण चाळीस वर्षं लाउडस्पीकर भाड्यानं दिले. लग्न असो, जत्रा असो, पुढाऱ्याची सभा असो, माइकमधला पहिला आवाज माझा. 'हॅलो, चेक, वन, टू.' ते झालं की मी खाली उतरायचो आणि माइक दुसऱ्याचा व्हायचा. माझ्याशिवाय एकाही पुढाऱ्याला कंठ फुटला नाही, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

सूनबाई इथल्या युनिव्हर्सिटीत तारे बघते. रात्री गच्चीवर जाऊन नव्हे. दिवसाढवळ्या, खोलीत बसून, कॉम्प्युटरवर. हे मला जरा विचित्र वाटायचं, पण पगार वेळेवर येत होता म्हणून मी बोललो नाही.

त्याआधी डिसेंबरात मराठी मंडळाचं जेवण होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये. माझ्या शेजारी पुण्याचे एक रिटायर बँक मॅनेजर बसले होते. तेही मुलाकडे आलेले. त्यांनी विचारलं, "तुमच्या सूनबाई काय करतात?"

सूनबाईच्या तोंडून मी 'लहान तारे' आणि 'एक्स-रे' हे शब्द बऱ्याचदा ऐकले होते. दोन्ही जोडून दिले. "ताऱ्यांचे एक्स-रे काढते."

"का हो? काय झालंय त्यांना?"

"लहान आहेत. लहानपणी काही ना काही होतंच."

सगळं टेबल खो खो हसलं. मीही हसलो. परत येताना बसमध्ये हिनं मला समजावून सांगितलं की ती माणसं माझ्या बोलण्याला नव्हे, मला हसत होती.

सकाळी मी मुलाला मंडळाच्या सेक्रेटरीला फोन लावायला सांगितला. संक्रांतीच्या कार्यक्रमात मी दहा मिनिटं बोलणार. विषय, आमच्या सूनबाईचे तारे. त्या बिचाऱ्यानं लगेच व्हॉट्सॲपवर टाकूनही दिलं. ते टाकल्यावर माझ्या ध्यानात आलं की विषय मला येत नाही. पण आता माघार घ्यायची म्हणजे मॅनेजरसाहेबांना आयतंच फावणार.

"मी शिकवते ना बाबा," सूनबाई म्हणाली. "पण एक अट आहे. तुमचा एक्स-रे."

"आधी भाषण."

"आधी भाषण, मग एक्स-रे. शब्द?"

"शब्द."

"मी ऐकलंय हं," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

शिकवणी पहिल्याच वाक्याला अडली. सूनबाई म्हणाली, "आम्ही ताऱ्यांचे एक्स-रे काढत नाही. तारेच एक्स-रे सोडतात."

"त्यांच्याकडे मशीन कुठंय?"

"मशीन लागत नाही."

"लागत कसं नाही? आमच्या सरकारी दवाखान्यातलं मशीन बंद पडलं की एक्स-रे बंद. आणि तू म्हणतेस लागत नाही!"

पोरगी चिकाटीची. हाताशी होता तो ओला टॉवेल तिनं उचलला आणि पिळायला लागली. लहान तारा गरागरा फिरतो, म्हणाली. त्याच्यातून चुंबकाचा जोर निघतो, दोऱ्यांसारखा. फिरून फिरून त्या दोऱ्यांना पीळ बसतो, त्या ताणतात आणि एकदम तुटतात. मग भडका उडतो. भडका एवढा तापलेला असतो की त्यातून एक्स-रेचे किरण बाहेर पडतात. आपल्या सूर्यावरही भडके उडतात, पण या पोरांच्या भडक्यापुढे ते म्हणजे काडेपेटी.

"वय काय या पोरांचं?"

"दहा-वीस लाख वर्षं."

"आणि लहान?"

"सूर्याचं वय चारशे कोटींच्या वर आहे, बाबा."

त्या हिशेबात मी अजून जन्मलोच नाही, असं मी हिला सांगितलं. "वागण्यावरून वाटतंच," ही म्हणाली.

ताऱ्यांची ही बाळं मृग नक्षत्रात, बाणाच्या खाली, ढिगानं आहेत आणि त्यांच्याभोवतीच्या धुळीखड्यांचे पुढे ग्रह होतात असंही कळलं. मृग मला कुणी दाखवायला नको, पण सूनबाईनं हौसेनं बाल्कनीत नेलं. ग्रोनिंगनचं आभाळ ते. तिनं ढगाकडे बोट केलं, मी ढगाकडे बघून मान डोलावली. भडका कधी उडणार ते आधी कळत नाही, ती म्हणाली, नुसतं बघत बसावं लागतं.

कार्यक्रम रविवारी होता. त्यातच नातीचं पहिलं बोरन्हाण उरकायचं ठरलं. काळं झबलं पुण्याहून आलं, हलव्याचे दागिने हिनं सुटकेसमध्ये जपून आणले होते. फक्त बोरं मिळेनात. बायकांनी तोड काढली. इथे डिसेंबरातल्या सणाला बोराएवढी मसालेदार बिस्किटं खातात, पेपरनोटन म्हणतात. त्यातली उरलेली चुरमुऱ्यांत मिसळली. नात पाटावर बसली, बायकांनी तिच्या डोक्यावर ते सगळं ओतलं, पोरांनी वेचायला गर्दी केली आणि माझं नाव पुकारलं गेलं.

मी वर गेलो. माइक हातात घेतला. "हॅलो, चेक, वन, टू," म्हणालो, माइक ठेवला आणि खाली उतरून आलो.

मी खुर्चीत बसलोसुद्धा.

"अहो, भाषण!" ही किंचाळली.

पुन्हा वर गेलो, पण आता डोक्यात काही शिल्लक नव्हतं. टॉवेल आठवत होता, टॉवेलाचं काय करायचं ते आठवेना. पुढच्या रांगेत मॅनेजरसाहेब चहाचा कप घेऊन, ओठ दाबून बसले होते. सूनबाई नजरेनंच 'बोला ना' म्हणत होती.

तेवढ्यात एका पोरानं नातीच्या मुठीतलं पेपरनोटन काढून घेतलं. तिनं रिकाम्या मुठीकडे पाहिलं. मग लाल झाली, अंगाला पीळ घातला, कमान झाली, आणि जी किंकाळी फोडली ती स्पीकरशिवाय शेवटच्या रांगेत पोचली. दोन्ही मुठींनी चुरमुरे उधळले. काही थेट मॅनेजरसाहेबांच्या चहात पडले.

"हाच तो!" मी माइकमध्ये ओरडलो. "हाच भडका! बघून घ्या!"

मग मला थांबवणारं कुणी नव्हतं. पाटावर बसलाय तो तारा, म्हटलं. भोवती पसरलंय ते म्हणजे धूळ, खडे. त्याचेच पुढेमागे ग्रह व्हायचे. तारा लहान, अंगात रग फार, पीळ बसत जातो आणि कधी सुटेल ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही. सुटला की आजूबाजूला बसलेल्या सगळ्यांना प्रसाद. आणि मशीनबिशीन काही लागत नाही! हे शेवटचं मी जरा दरडावूनच सांगितलं. लोक हसत होते, पण मान डोलावत हसत होते. त्यातला फरक चाळीस वर्षं सभा पाहिलेल्या माणसाला कळतो.

मॅनेजरसाहेब चहातला चुरमुरा काढत उभे राहिले. "पण मग एवढ्या किरणांनी ते होऊ घातलेले ग्रह जळत नाहीत का?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ठोकून देता आलं असतं. मी साहेबांकडे बघितलं, मग सूनबाईकडे. स्टँड तिच्या उंचीला खाली केला, स्क्रू आवळला आणि म्हणालो, "माइक चालू आहे. ये."

ती नातीला कडेवर घेऊन आली. "हे आम्हालाही अजून नीट माहीत नाही," म्हणाली, "मी तेच शोधते आहे." आणि बोलत राहिली, मराठीत, अडखळत, मग न अडखळता. चहा दुसऱ्यांदा गरम करावा लागला. साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मोठं काम करतात हो तुमच्या सूनबाई."

"मग? मी काय सांगत होतो?" मी म्हणालो.

"आणि एक्स-रे?" ही मागून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी उठवायच्या आत मी बूट घालून दारात उभा राहिलो. हॉस्पिटलात छाती यंत्राला टेकवली, श्वास धरला, हललो नाही. काही दिसलं नाही की काही जाणवलं नाही.

"झालं बाबा," सूनबाई म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

तिथल्या बाई पुढच्या माणसाला बोलावायला निघाल्या होत्या. मी जागचा हललो नाही. आता आलोच आहे तर पाठीचाही काढा, असं मी सूनबाईला त्यांना डचमध्ये सांगायला लावलं.