मिठाच्या बर्फातली बाटली

देवळातल्या गाऱ्हाण्यांच्या बातम्या मी वीस-बावीस वर्षे लिहिल्या, पण स्वतःसाठी गाऱ्हाणे कधी घातले नव्हते. आमच्या किनाऱ्यावर ही रीत गावोगावी आहे. संकटात सापडलेला माणूस ग्रामदेवापुढे नारळ ठेवतो, गावकर म्हणजे देवळाचा मानकरी त्याचे दुःख देवाला मोठ्याने सांगतो आणि भोवती उभी असलेली माणसे प्रत्येक वाक्यानंतर ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मला त्यात श्रद्धेपेक्षा सवयच जास्त दिसायची. देवाला सगळे ठाऊक असेल तर सांगायचे कशाला, आणि ठाऊक नसेल तर सांगून काय होणार, असे मी मित्रांमध्ये बोलतही असे. ते बोलणे पोकळ होते, हे कळायला माझ्या पत्नीचे बोट पणाला लागावे लागले.

मी एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर होतो. छापून येणाऱ्या मजकुरावर मानधन मिळे. पगारी नोकरी नव्हती, त्यामुळे आजारपणाचा विमाही नव्हता. पत्नी सुलभा देवबागहून मालवणच्या बाजारात मासे विकायला जाते. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेली तीन वर्षे दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. सरकारी योजनेचे कार्ड घरात होते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. रोजची सुई, औषधाची बाटली, साखर तपासायच्या पट्ट्या आपल्या आपणच घ्यायच्या. पट्ट्या आम्ही आधी बंद केल्या. मग एकच सुई बोथट होईपर्यंत वापरू लागलो. त्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आले की, बाटली महिनाभर पुरावी म्हणून सुलभा संध्याकाळचा डोस कमी घेते आहे. मी रागावलो तेव्हा ती म्हणाली, “माका बरा वाटता, मगे कित्याक खर्च?” ते खरे नव्हते आणि दोघांनाही ते माहीत होते. तरी मी विषय तिथेच सोडला.

त्या वर्षी वैशाखात आमचा फ्रीज बंद पडला. खाऱ्या हवेने त्याची मागची नळी गंजून गेली होती. दुरुस्तीचा खर्च झेपणारा नव्हता. औषध थंड ठेवायचे, एवढे डॉक्टरांनी सांगितलेले आम्हाला पाठ होते. सुलभाने ती बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आपल्या थर्माकोलच्या पेटीत, माशांच्या बर्फात ठेवली. बर्फ लवकर विरघळू नये म्हणून ती त्यात दोन मुठी जाडे मीठ घालते; तिची आई घालायची, बाजारातल्या इतर बायकाही घालतात. बर्फात सुरमई दोन दिवस ताजी राहते, मग औषध राहणारच, असा तिचा हिशेब होता आणि मलाही तो पटला. काही दिवसांनी बाटलीच्या काचेला आतून पांढरे कण चिकटलेले मला दिसले. मी बाटली हलवली, कण थोडे सुटले, आणि मी ती तिच्या हातात दिली. हे मी केले, म्हणून लिहून ठेवतो.

मासे कापताना तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीला विळीचे पाते लागले. जखम लहान होती. एरवी हळद दाबून ती कामाला लागली असती आणि चार दिवसांत विसरली असती. ही जखम तीन आठवडे सुकली नाही. बोट सुजले आणि काळपट दिसू लागले. ती रात्रीतून पाच-सहा वेळा पाणी पिऊ लागली, तिच्या बांगड्या मनगटावर सैल झाल्या. खासगी डॉक्टरांनी साखर तपासली आणि औषधाचे प्रमाण वाढवले. साखर उतरली नाही. त्यांनी पुन्हा वाढवले. बाटली आता महिन्याऐवजी पंधरा दिवसांतच संपली आणि साखर होती तिथेच राहिली. शेवटी ते म्हणाले, आठ दिवस बघू. फरक पडला नाही तर गोव्याला न्या, बोट कदाचित ठेवता येणार नाही. घरी येताना सुलभा पूर्ण वाटभर आपल्या हाताकडे बघत होती. त्या बोटाशिवाय विळीवर मासा धरता येत नाही, हे तिला मला सांगावे लागले नाही.

सोमवारी देवळात जाऊ, असे तिनेच काढले. मी टाळाटाळ केली. गावासमोर घरचे उघडे करायची माझी तयारी नव्हती. ती म्हणाली, “पेपराक आख्ख्या तालुक्याचा सांगतास. देवाक एकदा आपला सांगा.” सोमवारी मी नारळ घेतला आणि तिच्याबरोबर निघालो.

देवळात पंधरा-वीस माणसे होती. मी नारळ ठेवला. सत्तरी ओलांडलेल्या गावकरांनी विचारले, देवाला काय सांगू? मी म्हणालो, पत्नीच्या प्रकृतीला आराम पडावा, एवढेच सांगा. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले.

“रे पत्रकारा, ह्या तुझ्या पेपरात चलता. प्रकृती म्हंजे काय? खंय दुखता, कधीपासून, औषध काय करतास? देवाक मोघम सांगलेला चलणा नाय.”

मागे कोणीतरी हसले. बातमीत काय, कुठे, कधी हे पाहिजे म्हणून मी नवख्या वार्ताहरांना शिकवत असे. आता मला सांगावे लागले. मी सांगितले तेही मान खाली घालून आणि हळू आवाजात, पण गावकरांनी त्यातला एक शब्दही हळू ठेवला नाही.

“बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान तुझ्यापुढे नारळ ठेवलो आसा.”

“व्हय म्हाराजा.”

“तेच्या बायलेक साखरेचो आजार आसा. उजव्या हाताचा बोट कापला, ता तीन आठवडे सुकूक नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“पैसे पुरत नाय म्हणान ती औषध कमी घेय होती. आता वाढवून घेता, तरी गुण नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“फ्रीज बिघडलो, म्हणान औषध माशांच्या बर्फात ठेवतत.”

या वाक्याला ‘व्हय’ आले, पण त्यात एक आवाज वेगळा पडला. बायकांच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, “ओ गावकर, वायच थांबा.” गाऱ्हाणे मध्ये तोडत नाहीत. गावकरांनी डोळे न उघडताच, आधी देवाचे पुरे होऊ दे, असे बजावले आणि शेवटपर्यंत म्हणून टाकले: हिचा हात शाबूत ठेव, हिला कामाधंद्याला लाव, काय चुकले असेल ते पदरात घे.

थांबवणारी बाई ओटीचे ताट घेऊन आमच्याकडे आली. तिचे नाव मंगल. खारेपाटणच्या बाजूला सासर, तिकडच्याच एका सरकारी रुग्णालयात ती परिचारिका आहे. आमचे गाव तिचे माहेर. तिने मला काही विचारले नाही. ती सुलभाकडे वळली.

“बर्फात मीठ घालतंस?”

“घालतंय तर. मिठाशिवाय बर्फ टिकता काय?”

“अगो, मिठान बर्फ जास्त थंड होता, मगे ता औषध गोठला. गोठलेल्यात काय गुण उरणा नाय. इतके दिवस तू पाणी टोचून घेतलंस.”

सुलभाने आपल्या बोटाकडे पाहिले. मग म्हणाली, “म्हंजे माशांका बरा आणि माका वायट?” मंगलताई हसल्या. आम्हीही हसलो. त्या महिन्यातले ते पहिले हसणे.

मंगलताई देवळातून सरळ आमच्या घरी आल्या. बाटली उजेडात धरून त्यांनी काचेवरचे कण मला दाखवले. मी ते आधीच पाहिले होते, हे मी त्यांना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, सरकारी रुग्णालयातून औषध का घेत नाही? इन्सुलिनच्या बाटल्या तिथे मिळतात, पैसे पडत नाहीत. मी म्हणालो, तिथे औषधांचा तुटवडा असतो. कोणी सांगितले, असे त्यांनी विचारले. तेव्हा मला आठवले की, ते मीच सांगितले होते. काही वर्षांपूर्वी मी त्या तुटवड्याची बातमी दिली होती. त्या वेळी ती खरी होती. त्यानंतर मी एकदाही तिथे जाऊन विचारले नव्हते. आपल्याच जुन्या बातमीवर मी विसंबून राहिलो होतो. त्याखाली आणखी एक कारण होते. औषधवाटपाच्या ज्या खिडकीतल्या त्रुटी मी छापल्या, त्याच खिडकीपुढे हात पसरून उभे राहायची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मंगलताईंनी आपली परतीची गाडी सोडली आणि त्या आमच्याबरोबर सरकारी रुग्णालयात आल्या. केसपेपर निघाला, तपासणी झाली. वाढवलेले प्रमाण नव्या औषधाला लावू नका, साखर एकदम उतरेल, असे त्यांनी डॉक्टरांसमोर दोनदा सांगितले, आणि डॉक्टरांनी डोस नव्याने ठरवून दिला. जखमेसाठी सुलभाला पाच दिवस ठेवून घेतले. खिडकीतल्या माणसाने मला ओळखले. त्याने दोन बाटल्या आणि सुया पुढे सरकवल्या, आणि पुढच्या महिन्यात कोणत्या तारखेला यायचे ते कागदावर लिहून दिले. इतकेच झाले. घरी मंगलताईंनी मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवले आणि सावलीच्या कोपऱ्यात ठेवले. बाटली त्यात ठेवायची, वाळू सुकू द्यायची नाही.

बोट राहिले. टोकाला ते थोडे वाकडे आहे आणि नख नीट येत नाही. दीड महिन्यानंतर सुलभा बाजारात बसली.

पुढे मी सवयीने चौकशी केली. मंगलताई वर्षातून एकदाच माहेरी येतात. त्या सोमवारी ओटी भरायला त्यांची भावजय यायची होती. तिला सकाळी अडचण आली, म्हणून ताट यांच्या हाती आले. याला मी काही नाव देत नाही. घडले त्या क्रमाने सांगतो. उपकार कसे फेडू, असे विचारले तेव्हा मंगलताई म्हणाल्या, “माजा काय त्यात? गावकरांनी सांगला, माका ऐकाक इला.”

मी बराच काळ समजत होतो की, देवावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळणे. आता वाटते, माझा खरा भार म्हणजे माझी लाजच होती. ती मी धरून ठेवली होती आणि तिच्याखाली माझी पत्नी दबत होती. गावकरांनी ती माझ्या हातून काढून देवापुढे ठेवली, चारचौघांत, सगळ्या तपशिलासह. देवाला तो तपशील आधीच ठाऊक असेल. ज्याच्याकरवी तो उत्तर पाठवणार होता, त्या माणसाला मात्र हा तपशील ठाऊक नव्हता. मागण्यासाठी मी गेलो होतो. माझ्याकडून फक्त लपवणे काढून घेतले गेले, आणि तेवढ्याने वाट मोकळी झाली. त्या दयेपुढे मी आजही नतमस्तक आहे.

बातम्या देणे मी आता बंद केले आहे. सोमवारी देवळात जातो आणि पुरुषांच्या रांगेत उभा राहतो. कोणाचे जनावर हरवलेले असते, कोणाची होडी परतलेली नसते, कोणाच्या पोराचे लग्न जमत नसते. गावकर सांगत जातात. मी प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकतो, आणि मगच ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो.