मामा, ठिणगी आणि हाइत्सुंग

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकी धास्ती मी आयुष्यात दुसऱ्या कोणाची घेतलेली नाही. गृहस्थ मुंगीलासुद्धा ओलांडून जाणारे. वीज खात्यातून निवृत्त झालेले, एकटे. दिवाळी झाली की ते जर्मनीत कार्ल्सरूहेला आमच्याकडे राहायला येत. विमानतळावर नवरा वाकून नमस्कार करायचा आणि मी आधी बॅग उचलून बघायचे. चिवड्याच्या डब्याखाली तांब्याची तार असायचीच.

मामांना वेड रेडिओचं, पण गाणी ऐकायच्या रेडिओचं नव्हे. ते सगळे त्यांच्या मते नंतरचे लाड. त्यांना हवी होती अगदी सुरुवातीची ठिणगी. "अगं, याच गावात एका प्राध्यापकाने ठिणगी पाडली, आणि खोलीच्या पलीकडे, मध्ये काहीही नसताना, तारेच्या कड्यात दुसरी ठिणगी पडली! रेडिओचं बारसं इथलं, आणि तुम्ही लोक इथे राहून नुसती भाजी आणता?" कुठलीही उंच गोष्ट दिसली की यांच्या डोळ्यांना तिथून लोंबणारी तार दिसे. एकदा चर्चच्या शिखराकडे बघत इतका वेळ उभे राहिले, की दोन बायकांनी कौतुकाने त्यांना आत नेऊन बाकावर बसवलं. मामा बाहेर येऊन म्हणाले, "एरियल झकास होईल. परवानगी कोणाकडे मागायची?" मी त्यांना हाताला धरून घरी आणलं.

भाचा, म्हणजे माझा नवरा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि मामांच्या बाबतीत अगदी पाघळलेला. त्याने जुन्या गाडीची इग्निशन कॉइल आणून दिली. झालं! बेडरूममध्ये पितळेच्या दोन गोळ्यांमध्ये निळी ठिणगी, आणि स्वयंपाकघरात लोखंडाचा कीस भरलेली काचेची नळी आणि एक घंटी. इकडे बटण दाबलं की तिकडे घंटी. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा माझ्या हातून फोडणीची पळी पडली.

"अहो मामा, इथे रविवारी खिळा ठोकला तरी लोक वर येतात! आणि खालच्या आजींच्या छातीत पेसमेकर आहे, सांगितलंय ना मी?"

"गेनाऊ," मामा म्हणाले. 'अगदी बरोबर' या अर्थाचा हा एवढाच जर्मन शब्द ते शिकले होते. "अगं, इतक्याशा ठिणगीने काय होतंय!"

मला मात्र जिन्यात आजी दिसल्या की धस्स व्हायचं. बाई बिचारी हसून विचारपूस करायची आणि मी तिच्या छातीकडे बघत बसायचे.

मग मामांना अंतर वाढवायची हुक्की आली. एक तार बाल्कनीतून बाहेर सोडायची आणि दुसरी जमिनीला द्यायची, ही त्या काळची पद्धत. पुण्यात त्यांनी जन्मभर अर्थिंग नळाला दिलेलं, कारण त्यांच्या घरी नळाचा पाइप सरळ जमिनीत जाई. इथे नळ लांब पडला, म्हणून त्यांनी ती तार हाइत्सुंगच्या पाइपला गुंडाळली. हा पाइप सगळ्या घरांतून फिरून खोल्या गरम करतो, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. नवरा बाहेर गेलेला, मी कणीक मळत होते. चट्-चट् आवाज आला आणि पाठोपाठ खालून किंकाळी. मग धप्पकन काहीतरी पडलं.

मी पिठाच्या हातांनी जिना उतरले. दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. आतून हूं की चूं नाही. मागे मामा, एका पायात चप्पल, कठड्याला धरून उभे. "मारली गं मी तिला," म्हणत होते. "मारली." मी पुन्हा दार ठोठावत होते. देवा, ही बाई जगू दे, एवढंच मनात.

शेवटी दार उघडलं. आजी पांढऱ्याफटक, हातात टॉवेल. टॉवेल हाइत्सुंगवर वाळत घालायला गेल्या तर ते चावलं आणि दचकून त्या खाली बसल्या, एवढंच. अँब्युलन्स आली, डॉक्टरांनी पेसमेकरसकट सगळं तपासलं. काही झालं नव्हतं. मामा त्यांच्यासमोर हात जोडून लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी आजींनीच वर केक पाठवला. मामांनी तो चाखलासुद्धा नाही.

त्यांनी सगळं स्वतः उचकटून टाकलं. उरलेले दिवस दिवा लावायचा तरी विचारायचे, "लावू ना गं?" इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता बघवत नव्हतं. नवऱ्याने नवी कॉइल आणायचं मुद्दाम काढलं, तर मामा उठून आत गेले.

परवा फोनवर मी विचारलं, "या वर्षी येताय ना?"

 मामा हळूच म्हणाले, "येतो. पण मला घरात एकट्याला सोडू नकोस हं."

"नाही सोडणार, मामा," मी म्हणाले आणि फोन ठेवल्यावर ओट्याशी उभी राहून रडले.