शकिला सिस्टरचा भावताव

चंद्रपूरच्या बाजारात, बापाच्या बांगड्यांच्या दुकानात वाढलेली शकिला नर्स झाली, तरी तिच्यातली दुकानदारीण काही गेली नाही. गडचिरोलीकडच्या एका दवाखान्यात ती रोज पेशंटला विचारायची, "दुखणं शून्य ते दहात किती?" आणि आकडा कानावर पडला की मनातल्या मनात घासाघीस सुरू करायची.

गाडीवरून घसरलेली तरणी पोरं गुडघा खरचटला तरी छातीठोकपणे "दहा" सांगत. त्यांना ती तिनावर आणायची. सासूसमोर बाळंतीण "चार" म्हणाली की नऊ धरायची आणि सासूला चहा प्यायला हाकलायची. लहान पोरांना आकडा विचारायचा येडेपणा ती करत नसे. हातमोजा फुगवून द्यायचा. पोरगं खेळलं तर बरं, नुसतंच धरून बसलं तर डॉक्टरला बोलवायचं. कोपऱ्यातल्या इंदुताईंना म्हातारपणामुळे स्वतःचं नावही आठवत नव्हतं. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढल्या की शकिला औषधाचं बघायची. अंदाज सहसा चुकत नसे, म्हणून बाईला थोडा माजही होता.

मग गुणवंतराव आले. धान पिकवणारा भला माणूस. मार्कंड्याच्या जत्रेहून येताना मोटारसायकल घसरली, नडगीचं हाड मोडलं आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. भला खरा, पण महाबोंबल्या. सलाईन लावलं, "दहा!" काखेत थर्मामीटर ठेवलं, "दहा!" डाळ अळणी निघाली, तरी "दहा!" शकिलानं त्यांचा भाव कायमचा पाडून ठेवला. गुणवंतराव म्हणजे चार, विषय संपला.

दुपारी इंजेक्शन देऊनही ते विव्हळत होते. "बाई, प्लास्टर आवळून राह्यलं मले. पाय फुटते का काय!"

"भाऊ, प्लास्टर हाये ते. पायजम्यासारखं ढिलं थोडीच राहीन?"

अख्खा वॉर्ड हसला. शकिलाही हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

भेटायच्या वेळेला पत्रूजी आले. गुणवंतरावांच्या लेकीचं, पुनमचं लग्न पत्रूजींच्या मुलाशी, आदेशशी ठरलं होतं, म्हणजे हे होणारे व्याही. सदऱ्याला कडक इस्त्री, खिशात खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची पन्नी. तेवढ्यात शकिला फेरीवर आली.

"भाऊ, आता किती दुखते?"

"दोन," गुणवंतराव हळूच म्हणाले.

शकिलाला बरं वाटायला हवं होतं, पण तिला ते खटकलं. इतका वेळ ओरडणारं गिऱ्हाईक असं मुकाट्यानं गप्प बसत नाही. कपाळ घामानं डबडबलं होतं. वॉर्डात खर्र्याला बंदी. तिची नजर चुकवायला बघत पत्रूजींनी पन्नी हळूच पुढे केली, पण तिला ते दिसलंच. "घ्या इवाई, थोडासा."

"नको," गुणवंतराव म्हणाले.

होणाऱ्या व्याह्यानं पुढे केलेला खर्रा नाकारणारा माणूस या मुलखात एक तर मेलेला असतो, नाही तर त्या वाटेवर असतो. शकिला तशीच खाटेच्या पायथ्याशी गेली. तिनं चादर सारली. बोटं सुजून गार पडली होती. तिनं अंगठा जरासा वर ताणला आणि गुणवंतरावांनी असा टाहो फोडला की पत्रूजींच्या हातून पन्नी पडली.

ती धावत डॉक्टरकडे गेली. "सर, आता चला. दुपारीच सांगत होते ते, मी ऐकलं नाई."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे प्लास्टर उभं कापून सैल केलं. आतली सूज रक्त अडवत होती. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं ते स्पष्ट बोलले. हळूहळू बोटांना रंग आला. गुणवंतराव चादरीत तोंड खुपसून रडायला लागले.

"दोन काऊन सांगितलं भाऊ?" शकिलानं विचारलं.

"इवायासमोर बोंबललो तं म्हणतीन, बाप असा नाजूक तं पोरगी कशी असन! सोयरीक मोडली तं?"

पत्रूजींनी त्यांचा हात धरला. "ओरडा ना इवाई! मुळव्याधीच्या ऑपरेशनले मी असा बोंबललो का आमची बुढी लाजून घरी पळून गेली. सोयरीक काऊन मोडन?"

गुणवंतराव रडता रडता हसले. शकिलाला मात्र हसू येईना. तिला स्वतःची लाज वाटत होती. "भाऊ, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमी दहा म्हणत होते, मी चार धरले. आता किती?"

"सहा."

सहा म्हणजे सहाच. तिनं एकानंही भाव पाडला नाही आणि औषध आणायला निघाली. दारापर्यंत पोचली नाही तोच मागून हाळी आली, "आनि बाई, डाळीचं दहा!"

ती औषधासोबत मीठही घेऊन आली.